सायकल, वारा आणि रिकामा रस्ता

आरंभीच तुम्हांला एक कोडे घालतो. पुढचे वाचण्यापूर्वी उत्तर मनाशी ठरवा आणि हवे तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

फ्रान्समध्ये लुआर नावाची नदी आहे. त्या देशातील ही सर्वांत लांब नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन अटलांटिक महासागराला मिळते. नव्हेर या शहराजवळून समुद्रापर्यंत, तिच्या काठाकाठाने, सायकलस्वारांसाठी सुमारे ९०० किलोमीटर लांबीचा एक मार्ग आखलेला आहे. बराचसा मार्ग मोटारींना बंद असलेल्या वाटांवरून किंवा क्वचितच मोटार दिसेल अशा गावरस्त्यांवरून जातो. मार्गाचे एक टोक समुद्रसपाटीपासून सुमारे १७० मीटर उंचीवर आहे, तर दुसरे थेट समुद्रकाठी. आता सांगा, हा प्रवास सायकलने करायचा तर नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जावे, की समुद्रापासून निघून प्रवाहाविरुद्ध वर जावे? कमी श्रम कशात पडतील?

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक मुले म्हणतात, “सर, यात विचारायचे काय? नदी उताराकडे वाहते, म्हणून आपणही तिच्याबरोबर जावे!” उत्तर मोठे तर्कशुद्ध वाटते. पण अनेक जाणकार सायकलस्वार मुद्दाम समुद्रकाठी जाऊन तेथून निघतात आणि प्रवाहाविरुद्ध वर चढत येतात. ही माणसे हट्टी आहेत की त्यांचे काही गणित आहे? ते पाहण्यासाठी आपल्याला सायकलीच्या जमाखर्चाची वही उघडली पाहिजे.

सायकलस्वाराचे तीन विरोधक

सायकल चालवताना आपण कोणाविरुद्ध काम करतो? मुख्य विरोधक तीन: रस्ता, हवा आणि चढ. साखळी व धुरा यांतील घर्षणही असते. पण साखळीला वेळच्या वेळी तेल दिले असेल तर ते इतके थोडे की येथे सोडून देऊ.

पहिला विरोधक रस्ता. हवा भरलेला टायर जमिनीला टेकतो तेथे थोडा चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. चपटा होताना त्याने घेतलेली सगळी ऊर्जा तो परत देत नाही. काही भाग रबरातच उष्णतेच्या रूपाने उरतो. यालाच लोटणरोध म्हणू. चांगल्या डांबरी रस्त्यावर हा रोध सायकल व स्वार यांच्या एकूण वजनाच्या सुमारे ०.००५ पट, म्हणजे हजारात पाच भाग, इतका धरता येतो. खडीच्या किंवा मातीच्या वाटेवर तो सहज दुप्पट होतो. समजा, स्वार, सायकल आणि सामान मिळून वस्तुमान ८५ किलोग्रॅम आहे. मग वजन ८५ × ९.८ = ८३३ न्यूटन आणि लोटणरोध ८३३ × ०.००५ = सुमारे ४.२ न्यूटन. हा रोध वेगावर फारसा अवलंबून नसतो. हळू जा की जोरात जा, रस्ता आपला ४.२ न्यूटनांचा कर घेणारच.

दुसरा विरोधक हवा. हवा दिसत नाही म्हणून ती गरीब वाटते, पण तसे नाही. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम भरते, आणि पुढे जाताना ही हवा आपल्याला बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट केला तर प्रत्येक सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते, शिवाय तीही दुप्पट वेगाने. म्हणून वातरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सामान घेऊन ताठ बसून जाणाऱ्या प्रवाशाचा आकार व आकारमान विचारात घेता वातरोध सुमारे ०.३ × (वेग)² न्यूटन इतका येतो. वेग अर्थातच मीटर प्रतिसेकंद या एककात घ्यायचा.

आता आकडे मांडू. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग हे तुम्हांला ठाऊक आहेच.

वेग ५ मीटर प्रतिसेकंद (ताशी १८ किमी) : वातरोध ७.५, लोटणरोध ४.२, एकूण ११.७ न्यूटन, शक्ती सुमारे ५८ वॉट.

वेग ७.५ मीटर प्रतिसेकंद (ताशी २७ किमी) : वातरोध १६.९, लोटणरोध ४.२, एकूण २१.१ न्यूटन, शक्ती सुमारे १५८ वॉट.

वेग १० मीटर प्रतिसेकंद (ताशी ३६ किमी) : वातरोध ३०, लोटणरोध ४.२, एकूण ३४.२ न्यूटन, शक्ती सुमारे ३४२ वॉट.

पाहिलेत? वेग दुप्पट केला आणि शक्ती जवळजवळ सहापट लागली. धडधाकट माणूस सायकलवर तासन्‌तास देऊ शकेल अशी शक्ती साधारण १०० वॉट असते. ३४२ वॉट शक्ती तासभर देत राहणे हे कसलेल्या शर्यतपटूचेच काम. म्हणूनच गावोगाव भटकणारा प्रवासी ताशी १५ ते २० किलोमीटरच्या आसपास रमतो. त्या वेगात मोठी मजा आहे. ताशी १८ किलोमीटरने १०० किलोमीटर जायला ११.७ × १,००,००० = ११ लाख ७० हजार ज्यूल इतके कार्य करावे लागते. आपल्या स्नायूंची कार्यक्षमता चारात एक धरली तर अन्नातून सुमारे ४७ लाख ज्यूल घ्यावे लागतील. इतकी ऊर्जा जेमतेम १५० मिलिलिटर पेट्रोलात असते. चहाच्या एका मोठ्या कपाएवढ्या पेट्रोलात १०० किलोमीटर नेणारी मोटार अजून तरी कोणी बाजारात आणलेली नाही!

तिसरा विरोधक चढ. त्याचा हिशेब सर्वांत सोपा. शंभर मीटर जाताना एक मीटर चढायचे असेल, तर वजनाचा शंभरावा भाग, म्हणजे ८.३ न्यूटन, इतके जादा बल लागते. उतारावर तेवढेच बल आपल्याला मदत करते.

कोड्याचे उत्तर

चला, पुन्हा लुआरकाठी जाऊ. ९०० किलोमीटरमध्ये उतार किती, तर १७० मीटर. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे १९ सेंटिमीटर. या उताराने मिळणारी मदत ८३३ × ०.०००१९ = सुमारे ०.१६ न्यूटन. हे बल १६ ग्रॅम वजनाएवढे, म्हणजे खिशातल्या दोन-तीन नाण्यांच्या वजनाएवढे झाले.

आता वाऱ्याकडे वळू. लुआर नदी साधारण ४७ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास वाहते. भूगोलाच्या पुस्तकात पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा तुम्ही शिकला आहात. हा प्रदेश त्याच पट्ट्यात येतो. समुद्रावरून जमिनीकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे, वारा वाहण्याचे दिवस तेथे अधिक. समजा, वाऱ्याचा वेग फक्त ३ मीटर प्रतिसेकंद आहे. झाडाची पाने सळसळतील एवढाच हा वारा. सायकलस्वार ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने समुद्राकडे निघाला तर वारा तोंडावर येईल. हवेच्या सापेक्ष त्याचा वेग ५ + ३ = ८, आणि वातरोध ०.३ × ६४ = १९.२ न्यूटन. तोच स्वार समुद्राकडून निघाला तर वारा पाठीशी राहील. सापेक्ष वेग ५ − ३ = २ आणि वातरोध ०.३ × ४ = १.२ न्यूटन. दोहोंत फरक १८ न्यूटनांचा!

एका बाजूला उताराचे ०.१६ न्यूटन आणि दुसऱ्या बाजूला वाऱ्याचे १८ न्यूटन. उताराच्या बाजूने जाण्याऐवजी चढाच्या बाजूने गेल्यास त्या ०.१६ ची दुप्पट तोटा होईल, तरी तो वाऱ्याच्या फायद्याच्या पन्नासाव्या भागाएवढाही नाही. शक्तीच्या भाषेत सांगायचे तर तोंडावरच्या वाऱ्यात ११७ वॉट लागतात आणि पाठीवरच्या वाऱ्यात अवघे २७ वॉट. म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणाराच सुखी. नदी वाकडीतिकडी वळते आणि वाराही रोज एकाच दिशेने वाहत नाही हे खरे. तरी अनेक दिवसांच्या प्रवासाचा ताळा मांडला की पारडे वाऱ्याकडेच झुकते. पाण्याला वाट दाखवते गुरुत्वाकर्षण. सायकलस्वाराला मात्र, सपाट प्रदेशात, वाऱ्याला विचारून निघावे लागते.

घोड्यांची वाट आणि आगगाडीची वाट

फ्रान्समधल्या पुष्कळशा शांत वाटा मुळात सायकलींसाठी बांधलेल्याच नव्हत्या. दक्षिण फ्रान्समध्ये तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या तो या खाजणापर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा ‘कनाल द्यु मिदी’ हा कालवा आहे. प्येर-पॉल रिके या माणसाने त्याचे काम १६६६ साली सुरू केले. कालवा १६८१ साली खुला झाला, पण तो पाहण्याचे भाग्य रिकेला लाभले नाही. आदल्याच वर्षी तो वारला. १९९६ मध्ये युनेस्कोने हा कालवा जागतिक वारशात घेतला.

कालव्यातल्या नावा पूर्वी घोडे ओढत. घोड्यांसाठी काठाने वाट ठेवलेली असे आणि तीच आज सायकलस्वारांच्या उपयोगी पडते. आता जरा विचार करा. कालव्यातले पाणी जवळजवळ स्थिर असते, म्हणून त्याची पातळी सपाट. मग काठाची वाटही सपाटच असणार! उंची बदलायची असेल तेथे जलपाश बांधतात, म्हणजे पुढे-मागे दारे असलेली पाण्याची कोठी. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरायचे, की नाव वरच्या पातळीवर येते. काठाची वाटही तेवढ्याच जागी छोटासा चढ चढते आणि पुन्हा सपाट होते. तुलूझपासून नोरूझच्या खिंडीपर्यंत सुमारे ५२ किलोमीटरमध्ये कालवा सुमारे ५७ मीटर चढतो. हा सगळा चढ वाटेवर सारखा पसरला असता, तर त्यासाठी जादा बल लागले असते फक्त ०.९ न्यूटन. टायरच्या लोटणरोधाच्या चौथ्या भागाहूनही ते कमी. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी नावेसाठी केलेल्या समपातळीच्या कामाचा लाभ आज सायकलस्वाराला मिळतो तो असा.

कालव्याच्या दुतर्फा चिनाराच्या जातीची उंच झाडे लावलेली होती. ती सावली देत आणि वाराही अडवत. २००६ मध्ये या झाडांवर एका बुरशीचा रोग आढळला. तो पसरू नये म्हणून हजारो झाडे तोडावी लागली आणि त्यांच्या जागी नवी लावण्याचे काम सुरू झाले. ती मोठी होईपर्यंत त्या भागात ऊन आणि वारा अधिक सोसावा लागणार.

दुसरा प्रकार आगगाडीच्या जुन्या मार्गांचा. विसाव्या शतकात फ्रान्समधले अनेक छोटे लोहमार्ग बंद झाले. रूळ उखडले गेले, पण भराव, पूल आणि बोगदे उरले. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्ल्युनी या जुन्या लोहमार्गावर १९९७ साली सुमारे ४४ किलोमीटरची वाट मोटारी वर्ज्य करून खुली करण्यात आली. तिथे अशा वाटेला ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. पुढे ही वाट माकाँ शहराच्या दिशेने वाढवली गेली. त्या टप्प्यात सुमारे १६०० मीटर लांबीचा एक बोगदा लागतो. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण त्या काळात तेथे वटवाघळे मुक्कामाला असतात!

लोहमार्गाचा चढ नेहमी सौम्य का असतो? पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी रोधाने लोटत जाते, हा आगगाडीचा मोठा गुण. पण पोलादाची पोलादावर पकडही कमी, हा तिचा दोष. समजा, ६० टनांचे इंजिन ४०० टनांची गाडी ओढत आहे आणि घर्षणाचा गुणक ०.२ आहे. मग इंजिन जास्तीत जास्त १२ टन वजनाएवढे बल लावू शकेल. त्याहून जास्त लावू गेले तर चाके जागच्या जागी फिरतील. एकूण ४६० टनांना शंभराला एक चढावर नेण्यास ४.६ टन बल लागेल आणि शंभराला दोन चढावर ९.२ टन. शंभराला तीन चढ आला की १३.८ टन लागतील, आणि गाडी अडेल. आपल्या बोरघाटात ३७ ला १ असा चढ आहे. तेथे गाड्यांना जादा इंजिने जोडावी लागतात ती यामुळेच. म्हणून अभियंते डोंगर फोडून, भराव घालून, बोगदे खणून लोहमार्गाचा चढ सौम्य राखतात. आगगाडी गेली, पण तो सौम्य चढ सायकलस्वाराला वारसा म्हणून मिळाला. शंभराला दोन चढावरसुद्धा आपला १०० वॉटवाला स्वार ताशी १४ किलोमीटरने आरामात वर जातो.

मोठा चढ आणि दंतचक्रांची युक्ती

पण फ्रान्स म्हणजे काही नुसता कालव्यांचा देश नव्हे. प्रोव्हान्स भागात माँ व्हाँतू नावाचा सुमारे १९१० मीटर उंचीचा पर्वत आहे. पायथ्याच्या बेदुआँ गावापासून माथ्यापर्यंत रस्ता सुमारे २१ किलोमीटर आणि चढ सुमारे १६०० मीटर. म्हणजे सरासरी शंभराला साडेसात. केवळ उंची गाठण्यासाठी लागणारी ऊर्जा ८३३ × १६०० = सुमारे १३ लाख ३० हजार ज्यूल. लोटणरोधाचे सुमारे ९० हजार ज्यूल मिळवले की १४ लाख २० हजार. दर सेकंदाला १०० ज्यूल देणाऱ्या स्वाराला १४,२०० सेकंद, म्हणजे जवळजवळ चार तास लागतील. वेग पडेल दीड मीटर प्रतिसेकंद, जवळपास चालण्याचाच. गंमत अशी की सपाटीवर एवढा बलाढ्य असलेला वातरोध येथे एका न्यूटनालाही पोहोचत नाही.

येथे एक अडचण उभी राहते. आपले पाय मिनिटाला साठेक फेऱ्या मारताना खूश असतात. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर दीड मीटर प्रतिसेकंद वेगासाठी चाकाने सेकंदाला ०.७१ फेरे घ्यायला हवेत. म्हणजे पायटा एक फेरा घेईल तेव्हा चाकाने त्याहून कमी फिरायचे! त्यासाठी पुढचे दंतचक्र २४ दात्यांचे आणि मागचे ३४ दात्यांचे हवे. उलट सपाटीवर ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाताना चाकाला सेकंदाला २.८६ फेरे हवेत. त्यासाठी पुढे ४६ आणि मागे १६ दाते चालतील. एकच जोडी ठेवली तर एक तर चढावर पाय अडतील, नाही तर सपाटीवर पाय नुसते गरगर फिरतील. तेव्हा चालता चालता साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकवण्याची सोय हवी.

या सोयीचा हिरिरीने पुरस्कार केला तो सेंत-एत्येन गावच्या पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते सायकलींना वाहिलेले मासिक चालवत, आणि निरनिराळ्या दंतचक्रांचे प्रयोग स्वतः डोंगर चढून करीत. शर्यतींच्या जगाला मात्र ही यंत्रणा पसंत नव्हती. गिअर वापरणे म्हणजे दुबळेपणा, अशी समजूत होती. १९०३ साली सुरू झालेल्या ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत साखळी सरकवणारे गिअर सर्व स्पर्धकांना वापरण्याची मुभा मिळायला १९३७ साल उजाडले. गिअर शक्ती वाढवत नाहीत हे खरेच आहे. आपल्याजवळ जी शक्ती आहे ती पायांना सोसेल अशा बलात आणि वेगात वाटून देणे, एवढेच त्यांचे काम. यात दुबळेपणा कसला? तरफ वापरणाऱ्याला आपण दुबळा म्हणतो काय?

रस्ते रिकामे का?

कालवे आणि जुने लोहमार्ग सोडले तरी फ्रान्सच्या ग्रामीण भागातले साधे डांबरी रस्तेही पुष्कळदा निवांत असतात. याची कारणे इतिहासात आणि आकड्यांत सापडतात. १८३६ साली तेथे एक कायदा झाला आणि गावरस्त्यांची देखभाल करणे गावांना बंधनकारक झाले. त्यामुळे खेड्याखेड्यांना जोडणारे दाट जाळे विणले गेले. आज देशातल्या रस्त्यांची लांबी १० लाख किलोमीटरहून अधिक आहे, आणि देशाचे युरोपातले क्षेत्रफळ सुमारे साडेपाच लाख चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जवळजवळ दोन किलोमीटर रस्ता. यांपैकी द्रुतगती महामार्ग सुमारे १२ हजार किलोमीटर, म्हणजे शंभरात जेमतेम एक. पण लांब पल्ल्याच्या मोटारी आणि मालमोटारी मुख्यतः तेथून धावतात. सायकलींना तेथे बंदी आहे. उरलेल्या लाखो किलोमीटरच्या वाट्याला थोडीच वाहने येतात.

दुसरे कारण लोकसंख्येचे. ईशान्येकडच्या म्यूझपासून नैर्ऋत्येकडच्या लांदपर्यंत नकाशावर तिरपा जाणारा एक विरळ वस्तीचा पट्टा आहे. भूगोलाचे अभ्यासक त्याला ‘रिकामा कर्ण’ म्हणतात. त्यातल्या अनेक भागांत दर चौरस किलोमीटरला ३० माणसेही राहत नाहीत. एकोणिसाव्या शतकापासून तेथली तरुण मंडळी शहरांकडे जात राहिली. प्रवाशाला सुखावणाऱ्या शांततेमागे गावे ओस पडल्याची ही गोष्टही आहे, ती विसरू नये.

अशा रस्त्यांची निवड नकाशावरून करता येते. टायरसाठी प्रसिद्ध असलेल्या मिशलँ कंपनीचे नकाशे तेथे घरोघर असत. त्यांवर मोठे रस्ते तांबडे, मधले पिवळे आणि लहान रस्ते पांढरे दाखवतात. चढ असेल तेथे बाणाची खूण असते. एक बाण म्हणजे शंभराला ५ ते ९, दोन बाण म्हणजे ९ ते १३, तीन बाण म्हणजे त्याहून अधिक. सायकलस्वार पांढरे रस्ते शोधतो आणि बाण मोजतो. तुम्ही आता प्रत्येक बाणाचे न्यूटनमध्ये रूपांतर करू शकाल!

शांततेचे सेकंद

शांत रस्ता कानाला गोड वाटतो, पण त्याचा उपयोग तेवढाच नाही. ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. १० डेसिबेल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. एकट्या मोटारीपासूनचे अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांश होते, म्हणजे पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. समजा, मागून ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीचा आवाज १५ मीटरवर ७० डेसिबेल आहे. मग ३० मीटरवर ६४, ६० मीटरवर ५८, १२० मीटरवर ५२, २४० मीटरवर ४६ आणि ४८० मीटरवर ४० डेसिबेल.

आता दोन रस्ते घ्या. पहिल्यावर भोवतालचा गोंगाट ५८ डेसिबेल आहे. दुसऱ्यावर फक्त पाखरे आणि पाने, म्हणून ४० डेसिबेल. पहिल्या रस्त्यावर ती मोटार गोंगाटातून वेगळी ऐकू यायला ६० मीटरवर यावी लागेल. दुसऱ्यावर ती ४८० मीटरवरूनच कळेल. मोटारीचा वेग २२ मीटर प्रतिसेकंद आणि सायकलीचा ५, म्हणजे अंतर सेकंदाला १७ मीटरने घटते. पहिल्या रस्त्यावर सावध व्हायला साडेतीन सेकंद मिळतात आणि दुसऱ्यावर २८ सेकंद! प्रत्यक्षात जमीन आणि झाडी काही ध्वनी शोषतात, कानाशी वारा घोंघावतो, वळणेही आडवी येतात. त्यामुळे आकडे थोडे बदलतील. तरी तुलना हेच सांगते. विजेवर चालणाऱ्या मोटारींचेही या वेगात टायर वाजतातच, कारण वेग वाढला की इंजिनापेक्षा टायरचाच आवाज वरचढ होतो. मिळालेले सेकंद स्वतः गमावू नयेत म्हणून फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकल चालवताना कानांत इअरफोन घालण्यास कायद्याने मनाई आहे.

सेकंदांचे एवढे महत्त्व का? गतिज ऊर्जा काढून पाहा. आपल्या स्वाराची ऊर्जा ½ × ८५ × ५² = सुमारे १०६० ज्यूल. ताशी ८० किलोमीटरने जाणाऱ्या १२०० किलोग्रॅमच्या मोटारीची सुमारे २ लाख ९६ हजार ज्यूल, म्हणजे जवळजवळ २८० पट. तीच मोटार ताशी ९० ने गेली तर ३ लाख ७५ हजार. वेग फक्त आठव्या भागाने वाढला, पण ऊर्जा चतुर्थांशाहून अधिक वाढली. २०१८ साली फ्रान्सने दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा ९० वरून ८० वर आणली. त्यावर मोठा वाद झाला आणि पुढे काही जिल्ह्यांनी आपल्या काही रस्त्यांवर ९० ची मर्यादा परत आणली. गावाबाहेर सायकलीला ओलांडताना मोटारीने निदान दीड मीटर अंतर ठेवावे, असाही तेथे नियम आहे. कायद्यातले हे आकडे का असतात, हे वर्गाचे सूत्र माहीत असलेल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

तुम्ही करून पाहा

हे सारे पडताळण्यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. शाळेचे कठीण, सपाट पटांगण, एक सायकल, मोजपट्टी आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरे. प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर मात्र मुळीच करू नका, आणि वारा पडलेला असेल अशी सकाळची वेळ निवडा.

जमिनीवर खडूची रेघ मारा. सायकल चालण्याच्या दुप्पट वेगापर्यंत आणा आणि रेघेवर पाय मारणे थांबवा. ब्रेक लावू नका. रेघेपासून सायकल पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ आणि अंतर मोजा. मंदन म्हणजे दुप्पट अंतर भागिले वेळेचा वर्ग. त्याला ९.८ ने भागले की लोटणरोधाचा गुणक मिळेल. समजा, सायकल ४० सेकंदांत ४० मीटर जाऊन थांबली. मग मंदन ८० ÷ १६०० = ०.०५ आणि गुणक सुमारे ०.००५. यात वजन मोजावेच लागत नाही, हे लक्षात आले का? वजन दुप्पट झाले तर रोधही दुप्पट होतो आणि वस्तुमानही, म्हणून मंदन तेच राहते. तुमचे उत्तर थोडे जास्त येईल, कारण कमी वेगातही हवा आपला थोडासा कर घेतेच.

मग टायरमधली हवा थोडी कमी करून प्रयोग पुन्हा करा. पुढे मातीवर करा. प्रत्येक वेळी पाच वाचने घेऊन सरासरी काढा. शिक्षकांनी वर्गाचे गट पाडून डांबर, फरशी आणि माती असे निरनिराळे पृष्ठभाग वाटून दिले, तर एका तासिकेत छान तक्ता तयार होईल. त्यानंतर घरापासून शाळेपर्यंतच्या तुमच्या रस्त्याचा हिशेब मांडा. चढाला किती न्यूटन लागतात, वाऱ्याला किती, आणि मागून येणाऱ्या वाहनाची चाहूल तुम्हांला किती सेकंद आधी लागते? शेवटचा आकडा फारच लहान आला, तर तो वर्गात आणि घरी सर्वांना दाखवा.